उभा बेस आणि दादांचा सूर

आमच्या गाण्याच्या पार्टीच्या जीपमध्ये सामानाला जागा कधीच पुरत नाही. किस्से मात्र कितीही कोंबा, मावतात. लग्न, जयंती, नामकरण, घरभरणी असं करत सीझनमध्ये निम्मं आयुष्य मेहकर-चिखली रोडवर जातं. कोणीतरी म्हणतो, "अबे, ते आठवते का?" आणि मग तोच जुना किस्सा परत निघतो, फक्त या खेपेला तिखट जरा जास्त. गेल्या वर्षभरातले बहुतेक किस्से माझ्यावरचे आहेत. बाकीच्यांनी ते सांगून सांगून पार बिघडवलेत, म्हणून म्हटलं एकदा आपणच सांगून टाकू.

पार्टी म्हणजे आम्ही चौघं. भास्करदादा गातात, पार्टी त्यांचीच. गौतम ढोलकीवर, इरफानभाई कीबोर्डवर. आणि मी संजू, जानेफळचा, बेस गिटारवाला.

*

बेसवाल्याचं दुखणं असं, की तो वाजवत असला तर कोणाला कळत नाही. थांबला की काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं, पण तेव्हाही लोक माइक लावणाऱ्याकडंच बघतात.

एका लग्नात नवरदेवाचा मामा स्टेजवर चढून आला. माझी गिटार खालून वर निरखली आणि कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, दोन तारा कमी दिसून राह्यल्या."

मी म्हटलं, "मामा, याले चारच असतात."

"तुटल्या असतील. त्यात लाजायचं काय? माह्या पोराच्या गिटारीच्या आणून देतो."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला. पण जेवणाच्या पंगती उठल्यावर मामा खरंच दोन तारा कागदात गुंडाळून घेऊन आला, आणि लावतो की नाही हे बघायला समोर खुर्ची टाकून बसला. त्या तारा अजून माझ्याकडं आहेत.

*

दिवाळीनंतर इरफानभाईनं नवा कीबोर्ड घेतला. त्यात एक सोय अशी, की डाव्या हाताखालच्या पट्ट्या दाबल्या की बेसचा आवाज निघतो. उजव्या हातानं गाणं वाजवायचं, डाव्यानं बेस. एका माणसात दोन माणसं.

दोन-तीन कार्यक्रम झाल्यावर दादा जीपमध्ये पुढच्या सीटवरून, मागं न वळता, आरशात बघून म्हणाले, "संजू, मी सरळ बोलतो. इरफानच्या डाव्या हातानं तुहं काम होऊन राह्यलं. जीपमध्ये पाय ठेवायले जागा नाही. यंदाची जयंती होऊ दे, मंग पाहू तुहं काय करायचं ते."

गौतमला वाटलं आपण धीर द्यावा. तो म्हणाला, "माइक सांभाळजो की. वायरी गुंडाळायले माणूस लागतेच."

शेती आहे, ती भाऊ बघतो, मी हाताखाली असतो. पण गावात माझी ओळख आहे ती बेसवाला संजू म्हणून. हे गेलं तर उरतो नुसता संजू, आणि आमच्या गल्लीतच तीन संजू आहेत.

*

गौतमचे मावसे भुसावळला भंगाराच्या धंद्यात आहेत. त्यांच्याकडं कुठल्याशा जुन्या क्लबचं सामान आलं होतं, त्यात "माणसाएवढं व्हायोलिन" आहे असं गौतमच्या तोंडून कळलं. मी ओळखलं, डबल बेस. मोबाइलवर कितीदा बघितला होता. उभा धरायचा आणि वाजवायचा. तारा चारच, आणि लावायच्याही माझ्या गिटारीसारख्याच, त्याच क्रमानं. मी मनाशी म्हटलं, अवघड काय आहे? गिटार उभी केली की झालं.

आयुष्यात याहून मूर्ख विचार मी केलेला नाही.

पण तेव्हा छाती फुगली होती. भुसावळहून विकत आणला आणि टेम्पोतून उतरवून तडक इरफानभाईच्या मोबाइल दुकानापुढं उभा केला. "हे घे. हे नाही तुह्या डाव्या हातात."

इरफानभाईनं शांतपणे मागून कीबोर्ड काढला, काउंटरवर ठेवला, बटणं दाबत दाबत तेहतीस नंबरला थांबला आणि एक पट्टी दाबली. हुबेहूब तोच आवाज. माझ्यापेक्षा सुरात.

"हाय की," तो म्हणाला.

*

घरी ठेवायचा कुठं हा प्रश्न होता. मनीषानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सोयाबीनचे कट्टे सरकवून खोलीत कोपरा करून दिला. मग झाडू घेऊन त्याच्याभोवती जोरजोरात झाडायला लागली. ती अशी झाडते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

शेजारच्या अनुसयाकाकू बघायला आल्या. भोवती एक चक्कर मारली, पोटावर टिचकी मारली. "लाकूड चांगलं हाय. किती पायल्या मावते रे याच्यात?"

"काकू, हे दाणे भरायचं नाही. वाजवायचं आहे."

त्यांनी पुढच्या वाकड्या भोकांत बोट घालून बघितलं. "तरीच म्हणलं, दाणे काढायले तोंड एवढं लहान काऊन ठेवलं."

पुढच्या आठवड्यात मी गज धरायला शिकत होतो. गजाला राळ लावली आणि सगळ्यात जाड तार लांबलचक ओढली. खोलीची पत्र्याची दारं थरथरली. मला स्वतःलाच ते इतकं आवडलं की डोळे मिटून तीच तार ओढत बसलो. डोळे उघडले तर दारात अनुसयाकाकू, कमरेवर ज्वारीचा डबा.

"लाइन आली वाटते," त्या म्हणाल्या. "माहं दळण पहिलं घेजो."

गल्लीच्या टोकाला विजेवरची पिठाची चक्की आहे. तिकडं जायचे कष्ट वाचले म्हणून बाई खूश होत्या.

*

आता खरी अडचण सांगतो. गिटारीच्या दांडीवर आडव्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांच्या मधे बोट कुठंही ठेवा, सूर बरोबरच येतो. उभ्या बेसची दांडी सपाट, गुळगुळीत. केसभर बोट हललं की सूर हलला. इतकी वर्षं मी सुरात वाजवतो असं मला वाटत होतं. सुरात वाजवत होती ती गिटार. मी नुसता बोटं ठेवत होतो. हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग मी अक्कल लढवली. मनीषाच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि दांडीवर एकेका सुराच्या जागी एकेक टिकली चिकटवली. षड्जाला लाल मोठी, बाकीच्यांना मरून रंगाची बारीक. घरी झकास जमलं.

जानेफळलाच एक रिसेप्शन होतं, तिथं नेला. मांडवात उकाडा, वरून हॅलोजन. तिसऱ्या गाण्यापर्यंत बोटं घामानं भिजली आणि टिकल्या सुटायला लागल्या. एक खाली सरकली, मी तिच्या मागं खाली. एक बोटाला चिकटूनच फिरायला लागली. दादा गाता गाता मान वळवून माझ्याकडं बघायचे आणि मी घाम पुसायचो. पुढच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला वाटलं एवढं मोठं वाद्य कधी बघितलं नसेल बिचाऱ्यांनी.

गाणं संपल्यावर इरफानभाई जवळ आला आणि माझ्या कपाळावरची लाल टिकली अलगद काढून माझ्या हातात दिली.

"हा कोणता सूर लावला बे?"

*

त्या दिवशी जीपमध्ये सामान भरताना कोणी हसलं नाही. इरफानभाईचा डावा हात सगळ्या कार्यक्रमांत चालूच होता, मी सोबतीला. म्हणजे माझ्यावाचून काही अडत नाही, हे रोज माझ्यादेखतच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मोटरसायकल वाजली. इरफानभाई, मागं दोरीनं बांधलेला कीबोर्ड. आत आला, टिकल्या सगळ्या खरवडून काढल्या, मनीषाकडं चहा मागितला आणि एक पट्टी दाबून धरली.

"हा सूर शोध. दांडीकडं पाहू नको, भिंतीकडं पाह्य."

मी शोधायला लागलो. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "सापडला?"

"नाही."

"मंग शोध. मले दुकान उघडायचं हाय."

त्यानंतर तो रोज दुकानाआधी यायचा. ज्या माणसाच्या डाव्या हातानं माझी जागा जात होती, तो उजव्या हातानं मला सूर दाखवत होता. मी एकदा विचारलंच, "तुले काय पडलं रे याचं? मी गेलो तर जीपमध्ये पाय पसरून बसशील."

तो पट्टी दाबूनच म्हणाला, "दोन हातानं दोन काम करून माही पाठ धरली. तू शोध."

*

आता दादांचं सांगतो. हे सांगताना जीपमध्ये आवाज खाली येतो, दादा नसले तरी.

दादांचं वय झालंय. आवाज अजून भरीव आहे, पण संथ गाण्यात हळूहळू उतरतो. सुरुवात केलेल्या जागेपासून थोडा खाली, मग आणखी थोडा. त्यांना ते कळत नाही. ते डोळे मिटून गातात, आणि ज्या माणसानं आम्हाला माइकपुढं उभं राहायला शिकवलं त्याला हे सांगणार कोण?

इरफानभाईच्या कीबोर्डवर सूर खाली-वर करायचं बटण आहे, पण ते एकदम एक पायरी उतरवतं. दादा थांबतात ते पायरीच्या मधेच. कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधे काही नसतं. त्यामुळं बटण दाबलं तरी बेसूर, नाही दाबलं तरी बेसूर.

एका गावी गाण्यानंतर दादांनी माइकवाल्याला बोलावलं. "माइक खराब हाय. आवाज खाली ओढून राह्यला. बदल."

माइकवाला जाणता होता. माइक घेऊन मांडवामागं गेला, रुमालानं पुसला आणि तोच माइक परत आणून दिला.

दादांनी त्यात दोन ओळी म्हणून बघितल्या. "हाव," ते म्हणाले, "आता बरा हाय."

*

जयंतीचा कार्यक्रम अमडापूरला होता. जीपमध्ये बसतानाच दादा म्हणाले, "आज ऐकतो, मंग सांगतो." कोणाला ते सांगायची गरज नव्हती. मनीषा मला निघताना म्हणाली होती, "जीव लावून वाजवा. काही झालं तरी ते कट्ट्यापाशी राहू द्या, मले अडचण होत नाही."

दिवस मावळताना सुरू केलं. भरलेलं मैदान, पुढं म्हाताऱ्या बाया, मांडीवर नातवंडं. चढती गाणी झाली, त्यात माझं असणं-नसणं सारखंच होतं. शेवटी दादांनी आईवरचं गाणं धरलं. ते त्यांनीच बांधलंय, आई गेली तेव्हा. अगदी संथ.

दुसऱ्या कडव्यात उतरायला लागले. इरफानभाईनं बटण दाबलं, कीबोर्ड त्यांच्याही खाली गेला. परत वर आणला. मैदानातली कुजबुज ऐकू यायला लागली. दादांच्या कपाळावर आठी आली. इरफानभाईनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात पट्ट्यांवरून काढून घेतले.

राहिली गौतमची ढोलकी आणि मी.

मी भिंत शोधली, मैदानात भिंत कुठली? मग दादांच्या पाठीकडं बघितलं. ते जिथं होते तिथं बोट केसभर सरकवलं. ते आणखी उतरले, मीही उतरलो. बोट न दाबता सुटी तार एकदाही वाजवली नाही, कारण सुट्या तारेचा सूर हलत नाही. इतके महिने मी सूर शोधत होतो, तेवढाच काय तो माझा रियाज होता. तिसऱ्या कडव्यात कुजबुज थांबली. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. दादा गाताना कधी डोळे उघडत नाहीत, त्या दिवशी एकदा उघडले, माझ्याकडं बघितलं आणि परत मिटले.

कार्यक्रमानंतर मांडवामागं चहा आला. दादांनी कप हातात धरला, पण प्यायले नाहीत.

"इरफान, आज तुही पेटी चढली होती."

गौतमनं मान खाली घातली. कीबोर्ड कधी चढत-उतरत नाही, हे चौघांपैकी किमान तिघांना माहीत होतं.

इरफानभाई म्हणाला, "हाव दादा. दिवसभर उन्हात होती, चढली."

"याचंच तेवढं सुरात होतं." दादांनी माझ्याकडं न बघता माझ्याकडं बोट केलं. मग चहाचा एक घोट घेतला. "उद्यापासून बेस यालेच पाहू दे. तू तुहा डावा हात खिशात ठेव."

दुसऱ्या दिवशी सुलतानपूरला कार्यक्रम होता. इरफानभाई एरवी टी-शर्टवर येतो. त्या दिवशी खिशाचा कुर्ता घालून आला. दादांनी डोळे मिटले, तसा त्यानं डावा हात खिशात घातला, आणि शेवटच्या गाण्यापर्यंत बाहेर काढला नाही.