दारातली काचेची पेटी

आमचे भुंगेराव संग्रहालयाच्या कीटक विभागात लागले तेव्हा त्यांना केस होते. केस गेले, भुंगेरे राहिले. डोंगरमाथ्यावर दगडाखाली राहणारा एक काळा भुंगेरा त्यांनी ऐन तरुणपणी पकडून आणला होता. बायकोने त्याचं कौतुक लग्नानंतर आठवडाभर ऐकलं, मग ऐकणं सोडलं.

समोरच्या टेबलावर त्यांचा सख्खा मेहुणा बसायचा. त्याच्याकडे फुलपाखरं. त्याच डोंगरावरचं एक तपकिरी फुलपाखरू त्याच्या खास मर्जीतलं. जेवणाच्या सुट्टीतलं भांडण ठरलेलं. उन्हात पंख पसरून अंग तापवायचं आणि मग उडायचं, याला रुबाब म्हणतात, असं मेहुण्याचं मत. ढग आला की मुकाट खाली बसणाऱ्याचा रुबाब कसला, असं भुंगेरावांचं. त्यांच्या पठ्ठ्याची पाठ चिलखतासारखी सांधलेली, उडण्याची भानगडच नाही. वाऱ्याबरोबर दरीत जायला सांगितलंय कुणी? लग्नकार्यात नातलग दोघांना लांब लांब बसवत.

दारातल्या काचेच्या पेटीत एकच कीटक मांडायचा, असं ठरलं. भुंगेराव निवृत्तीला टेकलेले. आपला भुंगेरा दारात बघून घरी जावं, एवढीच त्यांची इच्छा. संचालकबाईंनी दोन्ही कीटक पाहिले आणि फुलपाखरू निवडलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, छान दिसतं. शास्त्रापुढे कुणाचं चालत नाही.

भुंगेरावांनी मेहुण्याशी अबोला धरला. मेहुण्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मग एका सकाळी पेटीत नुसती टाचणी उभी आणि खाली तपकिरी भुकटी. वाळके कीटक खाऊन जगणारी, तिळाएवढ्या भुंगेऱ्यांची एक जात असते. ती आत शिरली होती.

"दाजी, हे तुमचं काम," मेहुणा म्हणाला.

"माझं नाही. माझ्या माणसांचं," असं म्हणून भुंगेराव आपला भुंगेरा आणायला जवळजवळ धावलेच.

डबीतून उचलला तर हाताला वजनच लागेना. पोटाला बारीकसं भोक. माणसांनी घरचं आधी खाल्लं होतं. पाठ मात्र लखलखीत.

मेहुणा सगळं बघत होता. आता हा बाईंकडे जाणार, असं भुंगेरावांना वाटलं. पण त्याने पेटी झाडून पुसून घेतली, नवी टाचणी दिली आणि झाकण हातात धरून उभा राहिला.

"दाजी, शिंकू नका," तो म्हणाला. "पहिल्यांदाच उडेल."

झाकण लागेपर्यंत भुंगेरावांनी श्वास रोखून धरला.