इन्सुलिन खातं कोण

माझा स्वभाव संशयी आहे, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. सत्तरच्या दशकात हिंगोलीत आम्ही तिघं राहायचो: मी, शाळेत जीवशास्त्र शिकवणारे माझे यजमान आणि माळकरी सासूबाई. मधुमेहानं यजमानांना इन्सुलिनची सुई सुरू झाली, तेव्हा त्यांनी घरातच वर्ग भरवला. पाटीवर स्वादुपिंड काढून त्यात ठिपके दिले.

"ही बेटं. इन्सुलिन इथं बनतं. ते घडवणारी विकरं, म्हणजे एक प्रकारचे रस, याच पिंडात. अन् त्याला खाऊन टाकणारीबी इथंच. माझ्या पिंडात कोण कुठं बसून काय करून राहिलं, काय सांगावं? मोठमोठे शास्त्रज्ञ अजून शोधून राहिले."

वाती वळता वळता सासूबाईंनी विचारलं, "अन् बाटलीतलं कुठून येतं रे?"

"जनावराच्या स्वादुपिंडातून, आई."

त्यांनी हातातली वात अर्धीच ठेवली. फ्रीज आमच्याकडे कुठला? माठाखालच्या ओल्या वाळूत मी बाटली ठेवायची.

चैत्रात यजमानांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेचना. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी तापवली की रंग विटकरी व्हायचा, म्हणजे साखर भरपूर. असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

पथ्य तर मी डोळ्यांत तेल घालून सांभाळत होते. मग साखर येते कुठून? हे चोरून गूळ खातात, माझी खात्रीच झाली. ढेपेवर मी नखानं खूण करून ठेवली. सकाळच्या शाळेतून ते दुपारी आले की उंबऱ्यातच त्यांचा हात हुंगायची. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्यालाही विचारून आले. काहीच सापडेना, तसा माझा संशय आणखी बळावला.

शेवटी एक दिवस औंढ्याला माहेरी जाते असं सांगून निघाले, आणि डेपोतूनच माघारी फिरले. मधल्या सुट्टीत हे घरी येत असतील, तर रंगेहाथ धरणार होते.

घरात सासूबाई एकट्याच होत्या. हात लांब करून सांडशीत इन्सुलिनची बाटली धरलेली, आणि निघालेल्या पडवीकडे. तिथल्या पत्र्याखाली फळीवर हात ठेववत नाही इतकं ऊन तापायचं.

"आत्याबाई, हे काय?"

"देवाला याच माठाचं पाणी जातं, अन् त्याच्याखाली जनावराचं ठिवता? मी दिवसाच भायेर ठिवते. सांजच्याला बराबर जाग्यावर असते."

चोर घरातच आहे, हे माझं म्हणणं खरं निघालं. मी चिडून सांगितलं की उन्हात त्यातला गुणच मरतो, रोज नुसतं पाणी टोचतोय आपण. त्यांनी सांडशी खाली ठेवली.

"म्हंजी लेकराचा अंगठा माझ्यापायी चालला व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून देवाचं पाणी त्या वेगळ्या घागरीत भरू लागल्या. माठाजवळ त्या कुणाला फिरकू देत नसत. नवी बाटली आणली, नळीतला रंग निळा राहू लागला आणि अंगठा वाचला.

पण त्या दुपारी यजमान शाळेतून आले, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. उंबऱ्यात थांबून त्यांनी मुकाट्यानं उजवा हात माझ्या नाकापुढं धरला. हाताला खडूचा वास होता. तो रोजच असायचा.