विहिरीवरची मुलगी आणि सूपवाली

मंगळवारी दुपारी माझी बायको गेली. ती परभणीच्या दवाखान्यात होती. मुलगी नांदेडहून निघाली होती. गाडी पिंगळीला थांबली असताना मी तिला फोन केला आणि सांगितलं, "आई गेली." ती म्हणाली, "बाबा, गाडी हलेना."

घरातली कामं नातेवाइकांनी वाटून घेतली. झरीहून माझे भाऊ आणि भावजया आल्या, चारठाण्याहून बायकोचा थोरला भाऊ आला. मला काही करायला उरलं नाही. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माणसं बोलत असली की गप्प बसायची सवय मला नोकरीनं लावली आहे, आणि त्या दिवसांत ती सगळ्यांच्या सोयीची होती.

राख सावडून आल्यावर मुलगी माझ्याजवळ आली. म्हणाली, "आईच्या ग्रुपवर कळवायला पाहिजे. मला जमणार नाही. तुम्ही लिहा." आणि तिनं स्वतःचा फोन माझ्या हातात दिला.

हा ग्रुप एका कार्टून सिनेमाचा होता. मुलगी लहान असताना तो टीव्हीवर हिंदीत लागायचा. सिनेमा परदेशातला. एक मुलगा हरवलेल्या बहिणीला शोधायला डोंगर ओलांडून निघतो. वाटेत एका गावात विहिरीवर एक मुलगी त्याला पाणी देते. देण्याआधी भांड्यातलं थोडं पाणी ती जमिनीवर सांडते आणि मग भांडं पुढं करते. कोणीतरी लांबून तिला नावानं हाक मारतं. बस, तिचं काम संपलं. मुलगा पुढं जातो आणि त्याच्या पाठीमागं कडा कोसळून ते गाव गाडलं जातं. कोण वाचलं आणि कोण नाही, ते सिनेमा सांगत नाही.

मुलगी कॉलेजात गेल्यावर त्याचा दुसरा भाग आला. आता मुलगा मोठा झालेला, एका बंदराच्या शहरात आलेला. तिथं एका गाड्यावर बाई सूप विकते. वाडगा देण्याआधी ती थोडं सूप खाली सांडते. तिचं नाव वेगळं, केस कापलेले, आवाजही दुसराच. मायलेकी घरी बसून बघत होत्या. बायको मेथी निवडत होती. ती जुडी हातात घेऊन उभी राहिली.

"ही तीच! विहिरीवरची. वाचली की गं ती!"

"आई, नाव दुसरं आहे तिचं."

"आगं, लगीन झालं असंल. नाव बदललं."

मला हसू आलं. त्या देशात लग्नात बाईचं आडनाव बदलत असेल, पण तिचं स्वतःचं नाव कशाला कोण बदलेल? ते आपल्याकडचं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव काढतो. आमच्या लग्नात मीही काढलं होतं. नाव माझ्या आईनं ठरवलं होतं. बायको वाकून बघत होती. नंतर कधीतरी म्हणाली, "अक्षर मात्र चांगलं काढलं होतं तुमी." त्याहून जास्त ती त्यावर कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या ओळखीत सगळ्याच बायकांची नावं बदलली होती. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटायचं नाही.

मुलीनं तिला त्या सिनेमाच्या मराठी ग्रुपमध्ये घातलं. ग्रुपवर सगळी कॉलेजची पोरं. मुलगी स्वतः तिथं काहीतरी टोपणनाव घेऊन होती, पण बायकोनं तिला बजावलं होतं, "तू मधी बोलायचं न्हाई. माझं मला भांडू दे." त्यामुळं या दोघी मायलेकी आहेत हे तिथं कोणालाच माहीत नव्हतं.

आणि ती भांडली. मी जेवत असलो की समोर बसून मोठ्यानं वाचून दाखवायची. नाशिकचा एक मुलगा तिचा मुख्य विरोधक. त्याचं म्हणणं, विहिरीवरची मुलगी मेली. सूपवाली वेगळी.

"काकू, तुम्ही प्रत्येक गोष्टीत लग्न का आणता?" असं त्यानं लिहिलं होतं.

तिनं उत्तर दिलं, "आधी काकू म्हणायचं बंद कर. मावशी म्हण. आणि लग्न कुणी आणावं लागत नाही, ते आपलं आपण येतं."

"बरं, मावशी. पुरावा?"

"सांडलेलं सूप."

"अहो, चित्रकारानं कष्ट वाचवले. जुनंच हाताचं चित्र पुन्हा वापरलं."

"मग चित्रकाराला ठाऊक नसंल ती कोण हाय. मला ठाऊक हाय."

हे वाचून ती स्वतःच इतकी हसायची की डोळ्यांत पाणी यायचं. दवाखान्यात होती तेव्हाही सलाईनचा हात बाजूला ठेवून दुसऱ्या हातानं लिहीत होती. तिसरा भाग येणार अशी बातमी होती. "तेवढं कळलं म्हंजे झालं," असं ती एकदा म्हणाली. मी म्हणालो, "कळेल की." ते कळायच्या आत ती गेली.

तर मी मुलीच्या फोनवरून त्या ग्रुपवर लिहिलं. शोकपत्रिकेसाठी मजकूर करून ठेवलाच होता, तोच घातला. नाव, मी काढलेलं. खाली आडनाव. तिचा फोटो, सोबत दुःखद निधन. पाठवून दिलं.

थोड्या वेळानं उत्तरं आली. कोणी हात जोडले. एका मुलीनं लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली. पण ह्या कोण?" दुसऱ्यानं विचारलं, "कोणाच्या आई का?" ग्रुप चालवणाऱ्या मुलानं नम्रपणे लिहिलं की दुःख समजतं, पण इथं फक्त सिनेमाविषयी लिहावं. आणि त्याच्याखाली नाशिकच्या मुलाचा निरोप होता. त्यानं एका बाईचं नाव घालून, तिला हाक मारून लिहिलं होतं: "मावशी, कुठं आहात? तिसऱ्या भागाची जाहिरात आलीय. सूपवाली दिसतेय त्यात. या भांडायला."

ते नाव मी वाचलं. ते तिचं माहेरचं नाव होतं.

मला ते माहीत नव्हतं असं नाही. लग्नपत्रिकेवर होतं, तिच्या शाळेच्या दाखल्यावर असेल. पण माझ्या घरात ते कोणीही उच्चारलं नव्हतं. आणि ती तिथं इतकी वर्षं त्याच नावानं बसली होती, बोलत होती, हसत होती. जेवताना ती मला वाचून दाखवायची ते सगळं त्या नावाखाली लिहिलेलं होतं. मी फक्त ऐकलं होतं. फोनचा पडदा मी कधी बघितला नव्हता.

मी लिहिलं, "मी त्यांचा नवरा. या दोघी एकच आहेत."

मग नाशिकच्या मुलानं लिहिलं, "काका, पण नाव वेगळं आहे." सवयीनं लिहिलं असावं. लगेच त्यानं ते पुसलं, पण मी वाचलं होतं.

मी लिहिलं, "लग्नात बदललं."



तेराव्याला जेवणं झाल्यावर मेहुणा माझ्याजवळ येऊन बसला. सुपारी कातरत तो बहिणीविषयी बोलत होता, तिच्या पहिल्या नावानं. माझ्या भावजया एकमेकींकडं बघत होत्या, हा कोणाविषयी बोलतोय म्हणून. मी त्याला त्या सिनेमाचं सांगितलं. विहीर, पाणी, सूप. तो कातरायचा थांबला.

"दाजी, हे तर आमचीच करायची की. कुणाला पाणी द्यायचं म्हटलं की आधी जरासं खाली सांडायची. पहिला घोट जमिनीला, म्हणायची. आई लय वरडायची. अंगण वलं करती, पाय घसरतील म्हणून. तुमच्याकडं करत नव्हती व्हय?"

"नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "मी कधी बघितलं नाही."

मी रोज तिच्या हातचं पाणी प्यायलो आहे. महाविद्यालयातून आलो की ती तांब्या आणून द्यायची. मी बूट काढत असायचो, किंवा पेपर उघडलेला असायचा. तांब्या भरलेला असायचा एवढं आठवतं. मग ती करत नव्हती, की मला दिसलं नाही? मी मुलीला विचारलं. तिनं बराच विचार केला. "मला आठवत नाही बाबा. आई पाणी देते ते कोण बघत बसतं?"

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. तिचं म्हणणं खरं ठरावं. नाव बदललं, केस कापले, आवाज बदलला, तरी बाई तीच असते, हे त्या सिनेमानं तरी सांगावं. कारण तिच्या कसोटीनं बघितलं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. सांडलेल्या पाण्यावरून ओळख पटवायची, आणि माझ्या घरात पाणी सांडलेलं मी बघितलं नव्हतं. मग चारठाण्याच्या अंगणातली ती मुलगी माझ्याकडं आली होती की नव्हती?

तिसरा भाग लागला तेव्हा मुलगी आली आणि आम्ही दोघांनी परभणीत तो बघितला. मुलीनं आईची ओढणी घेतली होती. सुरुवातीलाच बंदराचं शहर आलं. सूपवालीची म्हातारी आई दाखवली, ती लेकीच्या लहानपणाचं सांगते. तिचा जन्म तिथलाच, बोटींच्या आवाजातला. ती डोंगरावर कधी गेलेलीच नाही. आणि मग बाजार दाखवला. त्या बाजारात चहावाला, भाजीवाली, मच्छीवाला, सगळेच पहिला घोट जमिनीवर सांडत होते. तिथली ती रीतच होती.

विहिरीवरच्या मुलीचं नाव पूर्ण सिनेमात आलं नाही.

बाहेर आल्यावर मुलीनं रिक्षात फोन उघडला. ग्रुपवर भांडण चालू झालं होतं. पण कोणीही "मावशी चुकल्या" असं लिहिलं नाही. लातूरच्या एका मुलीनं लिहिलं, "तिसरा भाग आपण धरायचाच नाही. दुसऱ्यावरच गोष्ट संपली." कोणी म्हणालं, तिसरा भाग दुसऱ्याच दिग्दर्शकाचा आहे, त्याला आधीचं काही माहीत नाही. कोणी म्हणालं, असं करता येत नाही, जे आलं ते आलं. मग ग्रुप चालवणाऱ्यानं मतदान ठेवलं: तिसरा भाग धरायचा की नाही? सगळ्यात आधी नाशिकच्या मुलानं मत दिलं. "धरायचा नाही." जिंकलेला तोच होता.

मला ते बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी आयुष्यभर पुस्तकं जिथल्या तिथं लावली आहेत. मालिकेचा एखादा खंड आवडला नाही म्हणून तो कपाटातून काढत नाहीत. आणि तिलाही हे आवडलं नसतं. ती भांडत होती ती जिंकायला, कोणी सोडून द्यावं म्हणून नव्हे. मुलीला मी हे म्हणालो. ती नांदेडला परत जायची बॅग भरत होती.

"म्हणजे ती मेली असंच म्हणायचं का तुम्हाला?"

"सिनेमा तसं सांगत नाही. तो काहीच सांगत नाही."

"मग तुम्ही सांगा."

"मला माहीत नाही."

"तुम्हाला आईचं नावसुद्धा नीट लिहिता आलं नाही त्या दिवशी." हे बोलून ती थांबली. बॅगेची चेन लावली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "जेवत जा वेळेवर."

नंतर मी एकदा स्वयंपाकघरात उभा राहून माठातून तांब्या भरला आणि थोडं पाणी फरशीवर सांडलं. फरशी ओली झाली. ती वाळेपर्यंत मी तिथं उभा होतो. मला त्यातून काही कळलं नाही. मेहुण्याला फोन करून विचारावं वाटलं की चारठाण्यात तुमच्या गल्लीत सगळेच असं करायचे का, की ती एकटीच. मी फोन केला नाही. सगळेच करायचे, असं तो म्हणाला असता तर मला ते ऐकायचं नव्हतं.

मतदान अजून चालू आहे. बहुतेकांचं मत "नाही" असं आहे. मुलीचंही. मी दिलेलं नाही. समोरच्या खोलीत तिचा फोटो आहे आणि त्याखाली मी काढलेलं नाव आहे. ग्रुपवर तिचं पहिलं नाव आहे. तिचा फोन मी चार्ज करून ठेवतो.