दांडका आला नाही

माणसाने भित्रं असावं तरी किती? हा गृहस्थ बंद पंख्याखालीसुद्धा बसत नसे. न जाणो, पडला तर! सारा जन्म रस्त्याच्या कामावर काढला, पण कधी रोलरवर चढला नाही की खड्ड्यात उतरला नाही. शेवटी मुकादमाने वैतागून त्याच्या हातात गाड्या अडवायचे-सोडायचे झेंडे दिले, आणि गंमत म्हणजे त्या कामाला त्याच्याइतका सावध माणूस शोधून सापडला नसता. सगळे त्याला भागूबाई म्हणत. तोही बिचारा ओ देई.

टेकडीवर नवी वसाहत उठली होती. लोक राहायलाही आले, आणि मग साहेबांच्या लक्षात आलं की त्यांना खाली उतरायला धड रस्ताच नाही. आधी घरं, मागून रस्ता! धन्य त्यांची! आता जुना अरुंद रस्ता रुंद करायचं चाललं होतं. एका अंगाला खोल चर, दुसऱ्या अंगाला कापलेली टेकडी, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. वळणामुळे या टोकाचं त्या टोकाला दिसत नसे आणि फोनला रेंज नव्हती. म्हणून लाल रंगवलेला एक दांडका ठेवला होता. वरच्या टोकाला उभा असलेला भागूबाईचा मेव्हणा शेवटच्या गाडीवाल्याकडे तो देई. दांडका खालच्या टोकाला भागूबाईच्या हातात पोचला की वाट मोकळी झाली असं समजायचं, मग खालच्या गाड्या सोडायच्या.

त्या दिवशी गाड्या उतरल्या, दांडका उतरला नाही.

भागूबाई मान उंचावून वळणाकडे बघू लागला. त्याची मुलगी वरच्या वसाहतीतच राहत होती. आज बाळाला डोस द्यायला ती आणि जावई गाडीने खाली येणार होते, आणि त्यांची गाडी अजून दिसली नव्हती. टेकडी ढासळली असेल? गाडी चरात... पुढचं त्याला मनातसुद्धा म्हणवेना.

मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला होता.

"अरे सोड की! झोपलास काय?" रांगेतल्या पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला.

"दांडका आला नाही."

मुकादम तणतणत आला. "विसरला असेल कुणीतरी द्यायला. सोड आता, लोक मला फाडून खातील."

"मी वर जाऊन बघून येतो. तुम्ही झेंडा धरा. पण मी येईपर्यंत एकही गाडी सोडू नका, पाया पडतो तुमच्या."

"जा बाबा, जा एकदाचा!"

तो निघाला. चराची भीती वाटली म्हणून टेकडीला चिकटला. वरून खडे घरंगळले तसा पुन्हा मध्ये आला. देवाचं नाव घेत त्याने वळण ओलांडलं.

समोर गाडी जॅकवर उचललेली होती. जावई चाक बदलत होता. मुलगी बाळाला घेऊन वाटेतच उभी होती.

"बाबा! पंक्चर झालं हो. आणि मामाने दांडका नेमका आम्हालाच दिला."

त्याला रडूच कोसळलं. बाळाचं पाऊल मुठीत घेऊन तो नुसता उभा राहिला. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग खालचे हॉर्न एकाएकी बंद झाले.

रांग चालू लागली की हॉर्न थांबतात, हे त्याला ठाऊक होतं. मुकादमाने गाड्या सोडल्या होत्या.

"पळ! बाळाला घेऊन वर पळ!" तो मुलीवर खेकसला, आणि स्वतः खाली धावत सुटला.

वळणावरच ट्रक समोर आला. बाजूला व्हायला जागा होती; पाय तिकडेच ओढत होते. तो वाटेच्या मधोमध हात पसरून उभा राहिला, डोळे गच्च मिटले आणि जिवाच्या आकांताने किंचाळला.

ब्रेक करकचले. डोळे उघडले तेव्हा बंपर त्याच्या शर्टाला टेकला होता.

"मरायचंय काय रे?" ड्रायव्हर ओरडला.

त्याने दोन्ही हातांनी बंपर धरला. ड्रायव्हर खाली उतरला, मुकादम धापा टाकत आला, मुलगी "बाबा, बाबा" करत आली. सगळ्यांनी विनवलं, तरी त्याने हात काढला नाही. सोडला तर ट्रक पुढे जाईल, अशी भीती त्याला वाटत होती.