सत्तीची वाट

माझा भाऊ अंकुश आसगावात दहावीच्या पोरांना गणिताची शिकवणी देतो. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो पाचवीत होता, आणि आता नकाशा फाडायचा का, असं त्यानं भर वर्गात गुरुजींना विचारलं होतं. संभाव्यतेचा धडा तर असा शिकवतो की पायरीवर बसलेल्या बाया पण ऐकतात. आणि हाच शहाणा मोबाइलवर दोन-दोन रुपयांचा पोकर खेळायचा आणि हरायचा.

मी हर्षा, त्याची मोठी बहीण. मला शहापूरला दिली आहे, ब्लाउज शिवते, रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, आठ दिवस आईकडे येते. त्याचा खेळ मी बाजूला बसून पाहिला आहे, म्हणून सांगते. हातात दोन पत्ते असतात, मध्ये पाच उघडतात. आधी तीन, मग एक, मग शेवटचा. पुढचा पत्ता पाहायचा तर पैसे लावा, नाहीतर हातातले टाकून मोकळे व्हा. चांगला हात आला की अंकुश शहाण्यासारखा खेळायचा. पण ओळ, म्हणजे लागोपाठचे पाच पत्ते, लागायला मधला एकच पत्ता कमी असला, की याचं डोकं गेलंच.

"अरे, टाक ना ते," मी म्हणायची.

"थांब ताई, एक पत्ता पाहू."

"येण्याचा चान्स किती हाय?"

"शेहेचाळीसात चार," तो मास्तरकी थाटात सांगायचा. "अन् आला तरी समोरच्याची ओळ माह्याहून मोठी असू शकते."

"मंग काहून थांबून राहिला, बाबा?"

तोवर यानं पैसे लावलेले असायचे.

त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. आमची आई, सुमनबाई, रोवणीत एक पऱ्हा टाकू देत नाही. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. दुसऱ्या बाया पिवळी, मोडकी रोपं धुऱ्यावर, शेताच्या कडेला, फेकतात. आई ती वेचून बांधीच्या, म्हणजे धानाच्या वावराच्या, कोपऱ्यात लावते. लहानपणी तिच्या मागं रोपांच्या पेंड्या वाहायचं काम अंकुशचं होतं. एकदा त्यानं चार मरतुकडी रोपं फेकली, तर चिखलाच्या हातानं पाठीत धपाटा बसला. "जीव धरते का नाही धरत, ते तू नको ठरवू," आई म्हणाली. बरं, त्यातली काही खरंच जीव धरायची! तिथंच घोळ झाला. बांधीतला नियम यानं मोबाइलला लावला.

उन्हाळ्यात त्याची बायको तृप्ती तापानं फणफणलेल्या पोरीला घेऊन पवनीच्या डॉक्टरकडे गेली. येताना गावात येणारी बस नव्हती, म्हणून फाट्यावर उतरणार होती. 'गाडी घेऊन या,' म्हणून फोन केला, यानं 'निघालोच' म्हटलं. भर उन्हात पोरीला कडेवर घेऊन ती सव्वा तास उभी होती, आणि हा बाजेवर बसून एकेका पत्त्याची वाट पाहत होता. शेवटी एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून ती घरी आली. भांडली नाही. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन दिघोरीला, माहेरी गेली. मी तिच्या जागी असते तर तो मोबाइल विहिरीत टाकला असता, आणि जमलं असतं तर मागून याला.

दोन महिने ती आली नाही. रोवणीला मी आले तर अंकुश वाळून गेलेला, हनुवटी बाहेर आलेली. शेवटी मीच फोन लावला.

"त्याईले खेळू नका म्हणलं तर चोरून खेळतील," तृप्ती म्हणाली. "मले पाहाचं हाय, टाकता येते का. सात दिवस खेळू द्या, पण मधला पत्ता कमी असलेला कच्चा हात एकबी धराचा नाही. सातव्या दिवशी मी येतो अन् मोबाइल पाहातो. एक जरी धरला असन, तर त्याच बसनं वापस जातो. मंग बोलवाचं नाही."

मोबाइलमध्ये प्रत्येक डाव पत्त्यांसकट राहतो, हे तिला माहीत होतं.

सहा दिवस अंकुशनं टाकले. प्रत्येक वेळी तोंड असं, की कोणी दाढ उपटून राहिलं. पण टाकले. सातव्या दिवशी दुपारी मी ओसरीत तांदूळ निवडत होते, तो बाजेवर मोबाइल घेऊन बसला होता. वळणावर बसचा हॉर्न वाजला. मोबाइल तसाच बाजेवर टाकून तो पळाला, चप्पलसुद्धा घातली नाही.

तृप्ती आली. बॅग ओसरीत ठेवली, पाणी घेतलं नाही, मोबाइल मागितला. अंकुश पोरीला कडेवर घेऊन उभा होता. त्याचं तोंड उतरलं.

"आजचा एक धरला," तो स्वतःच म्हणाला. "हातात पंजी-छक्की होती, सत्ती पाहिजे होती. चुकलो. बस थांबवून ठेवू का?"

आमच्या गावात बस वळते आणि दहा मिनिटांनी परत निघते. मेल्या, सहा दिवस दम धरला, एक दुपार नाही धरवली तुला?

तृप्ती डाव पाहत होती. मग मोबाइल तिनं माझ्यासमोर धरला. मध्ये अठ्ठी, नव्वी, राजा, दुर्री. चौथा पत्ता पाहूनही यानं शेवटच्यासाठी पैसे लावले होते. आणि शेवटचा पत्ता होता बदामाची सत्ती. ओळ लागली होती. पण खाली लिहून आलं होतं: खेळणाऱ्यानं काही दाबलं नाही, वेळ संपली, हात बाद.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हॉर्न वाजला तवा हे कुठी होते?"

"इथंच, बाजेवर. हॉर्न आयकला अन् पळाला. मांगं वळून पाह्यलं नाही."

तिनं मोबाइलकडे पाहिलं, मग त्याच्या चिखलानं भरलेल्या अनवाणी पायांकडे. तिचे डोळे भरले. बोटानं तिनं ते ॲप काढून टाकलं.

"थांबवू का बस?" अंकुशनं पुन्हा विचारलं.

"जाऊ द्या तिले," ती म्हणाली, आणि बॅग उचलून आत गेली.

ती सत्ती आली होती, हे आम्ही दोघींनी त्याला अजून सांगितलेलं नाही.