चारपर्यंत

फिटरची बायको घरी इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची, आणि फिटरने इंग्रजीचा धसका घेतला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बावीस वर्षं वाफेच्या नळांशी झुंजलेला गडी, पण फळ्यावर एक ओळ लिहायची म्हटलं की त्याच्या हाताला घाम सुटायचा. बायकोला विचारलं तर ती हसेल, म्हणून त्याने कधी विचारलंच नाही.

लिहिल्यावाचून सुटका मात्र नव्हती. टाक्या साफ करणारी टोळी परमुलखातली, तिला मराठीचा गंध नव्हता, इंग्रजी तेवढं वाचता यायचं. त्या दिवशी टाकीत वाफ सोडणारा व्हॉल्व्ह चारपर्यंत बंद राहणार होता, तेवढ्यात टोळीने आतलं काम उरकायचं होतं. बॉयलरवाल्याला त्याने ते तोंडी सांगितलं, आणि टोळीसाठी टाकीजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'व्हॉल्व्ह क्लोज्ड बाय फोर'. तीनला पाळी संपली तसा तो घरी आला.

पावणेचारला तो मोरीत हात धूत होता. बाहेरच्या खोलीत बायको शिकवत होती. "आपल्या एका 'पर्यंत'चे इंग्रजीत दोन शब्द होतात. पाचपर्यंत थांब, इथे टिल. पाचपर्यंत काम उरक, इथे बाय."

फिटरच्या हातातला साबण निसटला. त्याने लिहिलं होतं त्याचा अर्थ, चार वाजायच्या आत व्हॉल्व्ह बंद झालेला असेल. म्हणजे टोळी चारपर्यंत थांबणार आणि मग निर्धास्तपणे टाकीत उतरणार. बॉयलरवाला वाफ सोडणार तीही चारलाच.

त्याने बॉयलरघरात फोन लावला. घंटा वाजत राहिली, उचलला कुणी नाही. ओल्या हातांनीच तो सायकलवर बसला. वाटेत पाय पेडलवरून घसरत होते. घड्याळाकडे बघायचा धीर त्याला झाला नाही.

तो पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. बॉयलरवाला मीटरच्या नोंदी लिहीत बसल्याने त्याला चार मिनिटं उशीर झाला होता. आता कुठे तो हातमोजे चढवून व्हॉल्व्हपाशी आला होता.  फिटरने व्हॉल्व्हच्या चाकाला मिठीच मारली.

"वेड लागलं का तुला?" बॉयलरवाल्याने विचारलं.

"आत माणूस आहे," फिटर कसाबसा म्हणाला.

दोघे टाकीकडे धावले. एक जण खरंच आत, शिडीच्या तळाशी होता. त्याला वर घेतलं तेव्हा तो गोंधळून सगळ्यांची तोंडं बघत होता.

साहेबांना त्याने स्वतः जाऊन सगळं सांगितलं. लेखी ताकीद मिळाली. घरी बायकोला सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

"मला विचारलं का नाहीस?"

"हसशील म्हणून भ्यायलो."

ती हसली नाही. बराच वेळ ती त्याचा हात धरून बसून राहिली.

आता तो लिहायचं ते आदल्या दिवशी तिच्याकडून तपासून घेतो. भीती काही गेलेली नाही. कुणी टाकीत उतरलं की तो माणूस बाहेर येईस्तोवर फिटर शिडीपाशी उभा असतो, पाळी संपली तरी.