यादीतलं पंधरावं नाव

विमा उतरवायला आलेला माणूस आधी कागद काढतो. आमचे अण्णा आधी चपला काढत. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आमचा क्लब दरवर्षी घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत घेई, मी क्लबचा सेक्रेटरी. शर्यतीत कुणाला इजा झाली तर आयोजकांवर येणाऱ्या जबाबदारीचा आणि स्वयंसेवकांच्या अपघाताचा विमा अण्णा सोलापूरहून येऊन उतरवत. पण त्याआधी सगळी वाट अनवाणी चालून बघत. ज्वारीची धसकटं तळव्यांना टोचत. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "जोखीम कागदावर कुटं असती? जमिनीत असती. पायाला कळती."

स्वयंसेवकांची यादी ते स्वतःच्या हातानं लिहीत, तीही एकेकाला समोर उभं करून. "तोंड बघितल्याबिगर मी नाव लिवत न्हाय." लिहून झाल्यावरही त्या माणसाकडे जरा जास्तच वेळ बघत राहत. काहीजण त्यानं बिचकत.

गेल्या वर्षी शर्यतीच्या दोन दिवस आधी ते ओढ्याच्या वळणावर थांबले. मी घोडीवरून मागून येत होतो. माझी गरीब घोडी तिथंच अडली आणि कान मागं पाडून थरथरू लागली. समोर सपाट, मोकळं रान. वारासुद्धा नव्हता.

"हितं माणूस उभा करू नका," अण्णा म्हणाले.

"पाण्याचा टँकर इथवरच येतो, अण्णा. पाणी द्यायला आपल्या स्वयंसेवकांतल्या लता मॅडम थांबतील इथं."

ते खाली बघत राहिले. "म्हंजे कुणीतरी उभं राहणारच."

"हो."

"बरं," म्हणाले आणि पुढं चालू लागले.

शर्यतीच्या सकाळी त्यांनी लता मॅडमना नावनोंदणीच्या टेबलावर पाठवलं आणि वळणावर स्वतः उभे राहिले. पहिले सहा घोडे त्या जागेला लांबून वळसा घालून गेले. सातवा बुजला, उधळला आणि सरळ अण्णांच्या अंगावर गेला. सोलापूरला नेताना वाटेतच ते गेले. स्वार एकच सांगत होता, "घोडा कुणाला तरी चुकवत होता. पण तिथं अण्णांशिवाय कुणीच नव्हतं."

घरी येऊन मी विम्याचे कागद उघडले. चौदा स्वयंसेवक मी समोर उभे केले होते. यादीत पंधरावं नाव अण्णांचं होतं, त्यांच्याच अक्षरात.

दाव्याची कागदपत्रं मागायला त्यांच्या घरी जायचा मला धीर होईना. तेराव्यानंतर गेलो. मी तोंड उघडायच्या आतच काकूंनी कपाटातून एक पाकीट आणून समोर ठेवलं. वारस म्हणून लागणारा काकूंचा फोटो, आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स, सगळं नीट लावलेलं.

"हे तुम्ही कधी जमवलंत?"

"मी न्हाय. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांनीच ठिवलं. म्हणले, सेक्रेटरी येईल. यायला त्याला लई जड जाईल. त्याच्यावर राग धरू नको, च्या पाज."

काकू आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला. मला नको म्हणता आलं नाही.